नवा मायक्रोवेव्ह घरी आलाय? पहिल्या दिवसापासून तो नीट कसा वापरायचा

बहुतेक घरांत मायक्रोवेव्हची गत एकच होते. पहिले आठ दिवस त्यात चहा गरम होतो. मग कुणीतरी पोळी टाकतं, ती वातड होते. कुणी स्टीलची वाटी ठेवतं, ठिणग्या उडतात, सगळे घाबरतात. मग त्यावर भरतकामाचं कापड येतं आणि यंत्र पाव ठेवायच्या कामाला लागतं. आमच्या घरी आईपासून भाच्यापर्यंत सगळ्यांना मायक्रोवेव्ह मीच शिकवला. प्रत्येकाचे प्रश्न तेच होते आणि अडायचं तेही त्याच ठिकाणी. तुम्ही अडू नये म्हणून हा लेख.

१. आधी हे यंत्र करतं काय, ते समजून घ्या

हा भाग गाळू नका. पुढच्या सगळ्या सूचना यातूनच निघतात.

गॅसवर आधी भांडं तापतं आणि भांड्यामुळे अन्न. मायक्रोवेव्हमध्ये मॅग्नेट्रॉन नावाचा भाग २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. त्या अन्नातल्या पाण्याचे रेणू सतत हलवत ठेवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. तेल, तूप, साखर यांच्यावरही परिणाम होतो, पण मुख्य काम पाण्याचं. काच आणि चांगली चिनी माती या लहरी फारशा शोषत नाहीत, धातू त्या परतवून लावतो.

आता एक मोठा गैरसमज. मायक्रोवेव्हमध्ये अन्न आतून बाहेर शिजतं, असं सर्रास सांगतात. तसं होत नाही. लहरी अन्नात साधारण दोन ते तीन सेंटिमीटर शिरतात, त्याच्या आतला भाग बाहेरची उष्णता हळूहळू सरकून तापतो. म्हणूनच वाटीभर घट्ट भाजी कडेला चटका देते आणि मधोमध गारच राहते.

दुसरी गोष्ट, पदार्थात पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपास राहतं. त्यामुळे मायक्रोवेव्हवर खरपूसपणा येत नाही, आणि पाणी संपलं की पदार्थ कडक होतो, मग करपतो, मग पेटतो. काहीही आत ठेवण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: यात पाणी किती आहे आणि कुठे आहे? निम्मे निर्णय तिथेच होतात.

आणि रेडिएशन? या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नाहीत. त्या अन्नात साठून राहत नाहीत, यंत्र थांबलं की संपल्या. दाराच्या काचेत जी बारीक जाळी दिसते, तिची भोकं मिलिमीटरची आणि लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, म्हणून त्या आतच अडतात. बाहेर गळतीला परवानगी आहे ती ५ सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट इतकी, आणि अंतर वाढेल तशी ती झपाट्याने कमी होते. मायक्रोवेव्ह चालू असताना वाय-फाय अडखळलं तर दचकू नका. दोघांची फ्रिक्वेन्सी जवळपास सारखी आहे, वाय-फाय अडखळायला बाहेर आलेल्या अगदी थोड्या लहरीही पुरतात. मात्र दार वाकलं असेल, नीट बसत नसेल किंवा काच तडकली असेल, तर यंत्र त्या क्षणी बंद. तिथे तडजोड नको. घरात कुणाला पेसमेकर असेल तर डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

२. सोलो, ग्रिल की कन्व्हेक्शन?

आधीच घेतला असेल तर हा मुद्दा सोडून पुढे जा. सोलोमध्ये फक्त लहरी असतात. गरम करणं, शिजवणं, बर्फ उतरवणं एवढं काम तो करतो. ग्रिलमध्ये वर तापणारी सळई असते, पनीर टिक्का किंवा टोस्टवर रंग येतो. कन्व्हेक्शनमध्ये गरम हवा खेळवणारा पंखा असतो, म्हणून केक, बिस्किटं, नानकटाई जमते. माझं स्पष्ट मत: घरात कुणी खरोखर बेकिंग करणार नसेल तर कन्व्हेक्शनवर पैसे घालू नका. दोघा-तिघांच्या घराला २० लिटरचा सोलो भरपूर झाला. चार-पाच माणसं आणि केकची हौस असेल तर २५ ते ३० लिटरचा कन्व्हेक्शन बघा.

दुकानात जाताना घरातली सगळ्यात मोठी जेवणाची ताटली घेऊन जा आणि ती आत ठेवून फिरवून बघा. बाहेरून मोठा दिसणारा ओव्हन आत फसवतो.

घेतल्यावर हे जपून ठेवा:

- जीएसटीचं बिल, त्यावर मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर लिहिलेलं
- वॉरंटी कार्ड, दुकानाचा शिक्का आणि तारीख घालून
- माहितीपुस्तिका
- डेमोला माणूस आला असेल तर त्याची पावती

या सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. वॉरंटीत मॅग्नेट्रॉनची मुदत बाकी यंत्रापेक्षा वेगळी असू शकते, ती ओळ तेव्हाच वाचा.

३. जागा आणि वीज

खोक्यावर ८०० वॅट लिहिलेलं असतं, ती अन्नाला मिळणारी ताकद. यंत्र भिंतीतून साधारण १२०० वॅट ओढतं, कन्व्हेक्शन चालू असताना २००० च्या वरही जातं. म्हणून त्याला मोठा, १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट द्या. एक्स्टेंशन बोर्ड नको, एका सॉकेटवर दोन-तीन प्लग लावायचा मल्टिप्लगही नको. जुन्या इमारतींमध्ये ओट्याजवळ लहान सॉकेटच असतात. तिथे इलेक्ट्रिशियनला बोलावून मोठा पॉइंट काढून घ्या, वायरही जाड टाकायला सांगा. जिथे वीज वरखाली होते तिथे स्टॅबिलायझर लावा, आणि तो मायक्रोवेव्हच्या भाराचा आहे ना ते पाहून घ्या.

बिलाची धास्ती मात्र नको. दोन मिनिटं गरम करायला ०.०४ युनिट लागतं, दहा मिनिटं शिजवायला ०.२ युनिट.

यंत्र फ्रिजवर किंवा डोक्याच्या उंचीच्या फळीवर ठेवू नका. उकळती आमटी उतरवताना वाडगा कलला तर ती थेट चेहऱ्यावर येते. यंत्र छातीच्या खाली असू दे. मागे आणि वर वितभर तरी मोकळं सोडा, नेमकं किती ते माहितीपुस्तिकेत असतं. वर कापड, लोणच्याच्या बरण्या, वर्तमानपत्रांचा गठ्ठा काही नको, कारण गरम हवा बाहेर पडायचे झरोके त्यानेच बुजतात. सिंकच्या अगदी शेजारीही नको.

पहिल्यांदा उघडलात की थर्मोकोल, चिकटपट्ट्या, दारावरची फिल्म काढा. पण आत उजव्या भिंतीवर करड्या-तपकिरी रंगाचा पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा दिसेल, तो काढू नका. पॅकिंग समजून तो उचकटणारे खूप जण आहेत. तो अभ्रकाचा, म्हणजे मायका शीटचा तुकडा आहे. लहरी जिथून आत येतात ते तोंड त्याने झाकलेलं असतं.

४. भांडी

चालतात:

- बोरोसिलिकेट काचेची भांडी. घ्यायचं एकच असेल तर झाकणाचा खोलगट काचेचा बाऊल घ्या
- नक्षी नसलेली चिनी मातीची ताटली, कप
- तळाला मायक्रोवेव्हचं चिन्ह असलेले डबे. त्रिकोणात ५ हा आकडा म्हणजे पॉलिप्रोपिलीन, उष्णता सोसणारं प्लास्टिक, पण चिन्ह असेल तरच वापरा
- गरम करण्यापुरता स्वच्छ सुती रुमाल

चालत नाहीत: स्टील, ॲल्युमिनियम, हिंदालियम, पितळ, सोनेरी किंवा चंदेरी काठाचे कप, मेलामाइनच्या ताटल्या, थर्मोकोल, श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे. हॉटेलातून पार्सल आलं की ते ज्या डब्यात आलं त्यातच गरम करायची सवय लागते, ती मोडा. तेलकट ग्रेव्ही १०० अंशांच्याही वर जाऊ शकते आणि पातळ डबा तिथेच मऊ पडतो. चिन्ह असलेल्या डब्यातसुद्धा तर्रीचे पदार्थ गरम करू नयेत असं मी सांगेन. काचेत ओता, दहा सेकंदांचं काम आहे. वर्तमानपत्राचा कागद तर आत जाऊच देऊ नका. शाई अन्नात उतरते आणि कागद पेटतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेने अन्न वर्तमानपत्रात बांधू नका असं वारंवार बजावलं आहे, इथे तर ते तापणारही आहे.

भांड्याबद्दल शंका असेल तर चाचणी सोपी आहे. ते रिकामं भांडं आत ठेवा, शेजारी काचेच्या कपात पाणी ठेवा, पूर्ण पॉवरवर एक मिनिट चालवा. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं, तर ते चालेल. भांडंच तापलं तर बाद. धातूचा काठ असलेल्या भांड्यावर ही चाचणी करू नका.

याशिवाय हाताशी असू द्या: जाड सुती हातमोजे, लाकडी चमचा, भोकाभोकांचं प्लास्टिकचं उंच झाकण. ते झाकण शंभर-दोनशे रुपयांत मिळतं आणि साफसफाईचं निम्मं काम वाचवतं.

५. पहिला प्रयोग: कपभर पाणी

अन्न नको, आधी पाणी. कपभर पाणी पूर्ण पॉवरवर ठेवा आणि घड्याळ लावा. ७०० ते ८०० वॅटच्या यंत्रात दीड-दोन मिनिटांत ते उकळीला येतं. तुमच्या यंत्राला लागलेला वेळ कागदावर लिहून यंत्राच्या बाजूला चिकटवा. पुढचे सगळे अंदाज यावरून बांधता येतील.

आता काळजीची बाब. काचेच्या गुळगुळीत कपात नुसतं पाणी जास्त वेळ तापवलं की ते १०० अंश ओलांडूनही शांत दिसू शकतं. बुडबुडे धरायला जागाच नसते. मग कप उचलला, चमचा घातला किंवा कॉफी टाकली की सगळं पाणी एकदम उसळून हातावर येतं. म्हणून पाण्यात आधीच लाकडी चमचा उभा ठेवा, वेळ बेताची लावा, आणि थांबल्यावर अर्धं मिनिट दार उघडू नका. आधी उकळलेलं पाणी पुन्हा तापवताना तर हे पाळाच.

रिकामा ओव्हन कधीच चालवू नका. शोषायला पाणीच नसेल तर लहरी परतून मॅग्नेट्रॉनवर येतात आणि तो खराब होतो. घरात लहान मूल बटणं दाबणारं असेल तर चाइल्ड लॉक लावा. ती सोय नसेल तर भिंतीवरचं बटण बंद ठेवा.

६. पॉवर आणि वेळ

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. ५० टक्के पॉवर म्हणजे लहरी निम्म्या जोराच्या होतात असं नाही. साध्या यंत्रात मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण जोरात चालतो, काही सेकंद बंद राहतो. कान देऊन ऐका, गुरगुर मधेच बदलते ती याचीच. इन्व्हर्टर लिहिलेल्या यंत्रातच जोर खरोखर कमी-जास्त होतो. बंद असतानाच्या काळात उष्णता आतपर्यंत सरकते, म्हणून घट्ट, जाड किंवा नाजूक पदार्थाला कमी पॉवर आणि जास्त वेळ द्यायचा.

मी घरच्यांना सांगते तो हिशेब असा: पाणीदार पदार्थ, म्हणजे आमटी, चहा, पाणी, १०० टक्क्यांवर. भात, घट्ट भाजी, उसळ ७० टक्क्यांवर. माश्याचं कालवण, दूध-दह्याची ग्रेव्ही, पनीर ५० वर. बर्फ उतरवणं आणि लोणी मऊ करणं ३० वर.

पाककृतीत १००० वॅट गृहीत धरलेले असतील आणि तुमचं यंत्र ७०० चं असेल तर वेळ साधारण १.४ पट करा. ३ मिनिटांची सव्वाचार होतील. आणि गॅसवर एका बटाट्याला आणि चार बटाट्यांना जवळपास सारखाच वेळ लागतो, तसं इथे चालत नाही. पदार्थ दुप्पट केला की वेळही जवळजवळ दुप्पट लागतो.

थांबवल्यानंतरचा वेळ हासुद्धा शिजण्याचाच भाग आहे. एक-दोन मिनिटं झाकून तसंच राहू द्या, कडेची उष्णता मध्यापर्यंत पोचते. नव्या माणसाने दर वेळी थोडं कमीच लावावं, बघावं, मग ३० सेकंद वाढवावेत. कमी तापलेलं पुन्हा तापवता येतं, वाळलेलं परत येत नाही. आईच्या यंत्रावर मी ३० सेकंदांच्या बटणावर लाल टिकली लावून दिली. चष्मा हाताशी नसला तरी तिचं बोट बरोबर तिथे जातं. घरात वडीलधारी माणसं असतील तर हे आजच करा.

७. जेवण गरम करणं

रोजचं काम हेच, म्हणून इथे जरा थांबू.

ताटलीत पदार्थ डोंगरासारखा रचू नका. पसरा, मध्ये खळगा करा, जाड तुकडे कडेला ठेवा. झाका, पण हवाबंद नको, वाफेला वाट हवी. अर्ध्या वेळेला काढून ढवळा. मध्यभागी चमचा बुडवून बघा, तिथूनही वाफ आली पाहिजे. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यात ७५ अंशांच्या आसपास यायला हवेत.

पोळी. एक सुती रुमाल भिजवून घट्ट पिळा, नुसता दमट राहिला पाहिजे. दोन पोळ्या त्यात गुंडाळा, १५ ते २० सेकंद लावा, आणि बाहेर काढल्यावर अर्धं मिनिट रुमालातच ठेवा. लगेच वाढा. यापुढे दहा सेकंद जास्त गेले की पोळीतलं पाणी निघून जातं आणि गार झाल्यावर ती तुटता तुटत नाही. भाकरीचं मात्र तव्याशिवाय खरं नाही, तिथे मायक्रोवेव्हचा हट्ट धरू नका.

भात. गुठळ्या फोडा, पाण्याचा हबका मारा, झाका, एका माणसाच्या भाताला एक ते दीड मिनिट. पण भाताबद्दल यंत्राहून महत्त्वाची गोष्ट आहे. शिजलेला भात तासन्तास ओट्यावर राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात, आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भात तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर बाहेर राहिलेला भात मायक्रोवेव्ह वाचवू शकत नाही.

पोहे, उपमा. पाण्याचा हबका आणि झाकण, एक मिनिट. साबुदाण्याची खिचडी मात्र इथे गॅसपेक्षा सरस होते. गार होऊन दगड झालेले दाणे ७० टक्क्यांवर मिनिटभरात परत मऊ आणि मोकळे होतात, तळाला लागत नाही. उपासाच्या दिवशी केवळ एवढ्यासाठीसुद्धा मायक्रोवेव्ह हवा.

पुरणपोळी, करंजी, उकडीचे मोदक. इथे सावध. बाहेरचं आवरण कोमट लागतं आणि सारणातला गूळ-साखरेचा भाग चटका देण्याइतका तापलेला असतो. मोदकाला दमट रुमालाखाली ५० टक्क्यांवर २० ते ३० सेकंद, मग दोन मिनिटं थांबणं. मुलांना देण्याआधी फोडून बघा.

बटाटेवडे, भजी, सामोसे लहरींवर लिबलिबीत होतात, कारण आतली वाफ आवरणात येऊन बसते. ग्रिल किंवा कन्व्हेक्शन वापरा, नाहीतर सरळ तव्यावर मंद आचेवर ठेवा.

बाळाचं दूध यात तापवू नका. बाटली बाहेरून कोमट लागते आणि दुधाचा एखादा भाग आत भाजणारा असतो. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. मोठ्यांचं दूध तापवताना कप निम्माच भरा. लिटरभर दूध गॅसवरच बरं.

८. शिजवणं आणि भाजणं

वेळा ८०० वॅटच्या यंत्राच्या आहेत, तुमच्या यंत्राप्रमाणे बदला.

बटाटे: धुवा, काट्याने चहूबाजूंनी टोचा. मध्यम आकाराच्या एका बटाट्याला चार ते पाच मिनिटं, मध्ये एकदा उलटा. टोचायचं विसरलात तर वाफ सालीत कोंडते आणि बटाटा फुटतो. वांगं, टोमॅटो, रताळं यांनाही तोच नियम.

मक्याचं कणीस: सालासकट तीन-चार मिनिटं. सालातलं पाणीच त्याला वाफवतं. पाच मिनिटं निवू द्या, मग सोला, केसर सालाबरोबर सहज निघतं.

शेंगदाणे: कूट करायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही. एक वाटी दाणे ताटलीत एका थरात पसरा. एक मिनिट, हलवा. पुन्हा एक मिनिट, हलवा. त्यानंतर ३०-३० सेकंद. सालीच्या रंगावर जाऊ नका. इथे दाणा साल काळी पडायच्या आधीच आत करपतो. एक दाणा फोडून बघा, आत बदामी रंग आला की थांबा, कारण बाहेर काढल्यावरही तेलाच्या उष्णतेने तो भाजत राहतो. गार झाल्याशिवाय कुरकुरीत लागणार नाही.

रवा: एक वाटी, मिनिटामिनिटाला हलवत तीन-चार मिनिटं.

उडदाचा पापड: दोन्ही बाजूंना तेलाचं बोट फिरवा, ४० ते ५० सेकंद. आधी एका जागी फुलतो, मग पसरतो. तोपर्यंत समोर उभं राहा. पापडात पाणी जेमतेम असतं, विसरलात तर पेटतो.

पावसाळ्यात सादळलेला चिवडा, शेव, चकल्या: पसरून ३० सेकंद, मग पूर्ण गार करा आणि डब्यात भरा. गरमगरम भरलंत तर पुन्हा सादळेल.

डाळ, कडधान्यं, खिमा यांना कुकरच बरा, वेळ आणि चव दोन्ही दृष्टींनी. फोडणी इथे करू नका. तेल किती तापलं ते दिसत नाही, मोहरी बाहेर उडते. तळण तर अजिबातच नको, तेल कधी पेट घेईल सांगता येत नाही.

केक फक्त कन्व्हेक्शन मोडवर, १८० अंशांवर, आधी ओव्हन तापवून. ॲल्युमिनियमचा डबा याच एका मोडवर चालतो. लहरी आणि उष्णता एकत्र असलेल्या कॉम्बी मोडवर तो डबा ठेवू नका. सोबत आलेली लोखंडी जाळी कुठल्या मोडला चालते तेही पुस्तिकेत पाहा. आणि हे मोड वापरल्यावर आतल्या भिंतीही चटका देतात.

९. एवढं तरी कधीच नको

कवचातलं अंडं. सोललेलं उकडलेलं अंडंही नको, ते ओव्हनमध्ये शांत राहतं आणि तोंडात चावल्यावर फुटू शकतं. उकडलेलं अंडं गरम करायचंच तर चार तुकडे करून.

सुक्या मिरच्या भाजणं. त्यांचा ठसका घरभर होतो, दार उघडताना डोळे जातात की काय असं वाटतं, आणि त्या पेटतात.

घट्ट झाकणाचा डबा, बंद बाटली, न फोडलेला नारळ.

स्टेपलर पिन असलेली पाकिटं आणि अॅल्युमिनियम फॉइलचे अस्तर असलेले पार्सलचे कागद. ही पिन दिसत नाही, हाताने चाचपून बघा.

फ्रीझरमधलं चिकन किंवा मासे डीफ्रॉस्ट करून पुन्हा ठेवून देणं. कडा शिजायला लागलेल्या असतात, तिथे जिवाणू वाढतात. बर्फ उतरला की लगेच शिजवा.

१०. स्वच्छता

काचेच्या बाऊलमध्ये वाटीभर पाणी, लिंबाच्या फोडी आणि लाकडी चमचा घाला. चार मिनिटं लावा आणि पाच मिनिटं दार न उघडता ठेवा. वाफेने सगळं सुटतं, मग प्लग काढून ओल्या फडक्याने पुसा. तारेची घासणी आणि खरखरीत पावडर नको. फिरती काच आणि तिच्याखालची चाकांची रिंग साबणाने धुवा. रिंगच्या खाचेत भाताचं शीत अडकलं की काच खडखडते, तक्रार करण्याआधी तिथे बघा.

मायका शीटवर तेलाचे शिंतोडे राहिले की ते जळून काळे होतात, मग तिथूनच ठिणग्या येतात. तिला हलक्या हाताने पुसा. काळी पडली किंवा भोक पडलं तर बदला. स्वस्तातला भाग आहे, तुमच्या मॉडेलचाच घ्या. तोवर यंत्र वापरू नका.

दाराची कड रोज पुसा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात झुरळं आणि मुंग्या उबेला झरोक्यातून आत शिरून बटणांच्या पट्टीमागचा सर्किट बोर्ड खराब करतात. रात्री आत अन्नाचा कण राहू देऊ नका.

११. काही झालंच तर

आत आग लागली: दार उघडू नका. आधी भिंतीवरचं बटण बंद करा. हवा न मिळाल्याने आग विझते. उघडलंत तर ती भडकते. विझत नसेल तर घराबाहेर पडून ११२ वर फोन करा.

ठिणग्या दिसल्या: बंद करा. धातू आहे का, मायका जळला आहे का, बघा.

हात भाजला: वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, तूप, बर्फ काही नको. फोड मोठा असेल, चेहरा किंवा लहान मूल असेल तर थेट डॉक्टरांकडे.

यंत्र चालतं पण तापवत नाही, किंवा दार उघडल्यावरही चालू राहतं: प्लग काढा आणि कंपनीच्या अधिकृत माणसाला बोलवा. स्वतः पाठ खोलू नका, गल्लीतल्या पंखा-मिक्सर दुरुस्त करणाऱ्यालाही देऊ नका. आत हजारो व्होल्टचा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यानंतरही त्यात जीव घेण्याइतकी वीज राहू शकते. घरगुती उपकरणांत याइतकं धोक्याचं पोट दुसऱ्या कशाचं नाही. वॉरंटीत असूनही कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा, बिल आणि सिरियल नंबर समोर ठेवून.

दुरुस्तीपलीकडे गेलेलं यंत्र भंगारात तोडायला देऊ नका, त्या कपॅसिटरचा धोका तोडणाऱ्यालाही आहे. नवं घेताना एक्स्चेंजमध्ये द्या, नाहीतर अधिकृत ई-कचरा केंद्रात. देण्याआधी वायर कापून ठेवा, म्हणजे कुणी ते चालू करून बघणार नाही.